दोन तळी आणि एक विहीर

मुंबईत मेलेल्या माणसालाही जागा मुदतीनेच मिळते, हे बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही. कॅथलिक माणसाला पुरलं की तो कायमचा तिथेच राहतो, असं आमच्या शेजारच्या रमाबाईंना चाळीस वर्षं वाटत होतं. तसं नसतं. या शहरात जागा आहे कुठे? दोन-अडीच वर्षं झाली की कबर उघडतात, हाडं काढतात आणि खड्डा दुसऱ्याला देतात. घरच्यांनी सांगितलं असेल तर हाडं निशमध्ये जातात. निश म्हणजे भिंतीतला हातभर कप्पा, पुढे संगमरवराची पाटी, पाटीवर नाव. घरचं कुणी आलंच नाही तर ती जातात सिमेट्रीच्या मागच्या कोपऱ्यातल्या विहिरीत. त्या विहिरीत पाणी नाही. पिढ्यानपिढ्यांची हाडं आहेत, कुणाची कुठली ते देवालाच ठाऊक.

माझा कॅल्विन त्या विहिरीत आहे.

तो चोवीस वर्षांचा होता. डेंग्यू झाला. सोमवारी ताप आला आणि शनिवारी आम्ही त्याला सिमेट्रीत घेऊन गेलो. याला अकरा वर्षं झाली. त्या सहा दिवसांबद्दल मला काही लिहायचं नाही. लिहायचं आहे ते नंतर आलेल्या पत्राबद्दल.

कबर उघडायची तारीख सिमेट्रीच्या ऑफिसातून पत्राने कळवतात. ते पत्र माझ्या नवऱ्याच्या, कॉनरॅडच्या हातात पडलं. त्याने ते वाचलं, घडी घालून आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आणि मला सांगितलं नाही. का, तर म्हणे मला त्रास होईल. त्या तारखेला तो कामावर जातो म्हणून गिरगावातून निघाला. तेव्हा तो कॉटन ग्रीनच्या एका गोदामात सुपरवायझर होता. कामावर न जाता तो सिमेट्रीच्या गेटपर्यंत गेला, तिथल्या फुलवालीपाशी अर्धा तास उभा राहिला आणि परत फिरला. आत आपल्या मुलाची हाडं माती झटकून टोपलीत भरत असतील, ते त्याला बघवलं नसतं. ठीक आहे. मलाही बघवलं नसतं. पण मी गेले असते.

मला हे कळलं दोन नोव्हेंबरला. तो आमचा मेलेल्यांचा दिवस. त्या दिवशी सगळे आपापल्या कबरी धुतात, झेंडूच्या माळा घालतात, मेणबत्त्या लावतात. मी पिशवीत फुलं आणि हातात पाण्याची बाटली घेऊन कॅल्विनच्या कबरीपाशी गेले, तर तिथे दुसऱ्याच कुणाचा क्रॉस. नाव वेगळं, वय एकाहत्तर. त्यांची सून शेजारी बसून माती सारखी करत होती. ती मला म्हणाली, "आंटी, तुम्ही आमच्या सासऱ्यांच्या नात्यातल्या का?" मी पिशवीतली फुलं तिला देऊन टाकली.

घरी आल्यावर मी काय बोलले ते आमच्या अख्ख्या फणसवाडीने ऐकलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना दुसऱ्या दिवशी मीच सांगितलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. नवऱ्याशी बोलणं मात्र मी कधी बंद केलं नाही, ते मला जमतही नाही. त्याला वाढायचे, त्याच्या गोळ्या काढून ठेवायचे, भाजीवरून भांडायचे. फक्त कॅल्विनचं नाव मी त्याच्यासमोर घेत नव्हते आणि त्यालाही घेऊ देत नव्हते. त्याने दोनदा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा मी ताटावरून उठले.

त्याच महिन्यात मी एक चिठ्ठी लिहून आमच्या मुलीकडे, डायनाकडे ठेवायला दिली. "माझी हाडं निशमध्ये ठेवायची. विहिरीत टाकायची नाहीत." खाली सही, तारीख. डायना म्हणाली, "ममा, आत्तापासून काय हे?" मी म्हटलं, तुझ्या डॅडीवर मी अवलंबून राहू शकत नाही.

तेव्हापासून दरवर्षी दोन नोव्हेंबरला मी सिमेट्रीच्या मधल्या मोठ्या क्रॉसपाशी मेणबत्ती लावते. ज्यांची कबर उरलेली नाही ते सगळे तिथेच लावतात. मागच्या कोपऱ्याकडे मी बघायचेही नाही. कॉनरॅड बाहेर फुलवालीपाशी उभा राहायचा. इतक्या वर्षांत त्याने एकदाही गेट ओलांडलं नाही. फुलवाली त्याला स्टूल द्यायची.

मला जागा हवी होती. एवढंच. बाकी काही नको होतं मला. रागावून बोलायला, लाडाने बोलायला, आज तुझ्या मित्राला मुलगी झाली रे, असं सांगायला आईला एक जागा लागते. मोठ्या क्रॉसपाशी शंभर माणसं उभी असतात. तिथे मी काय बोलणार?

गेल्या वर्षी दोन नोव्हेंबरच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, एक पाहुणे फादर आले होते, इंडोनेशियातल्या फ्लोरेस नावाच्या बेटावरचे. तिथे म्हणे जिकडेतिकडे कॅथलिक. मिस्सेनंतर हॉलमध्ये चहा घेताना ते सांगायला लागले. त्यांच्या डोंगराळ मुलुखात केलिमुतू नावाचा ज्वालामुखी आहे. तो आता शांत आहे. त्याच्या माथ्यावर तीन तळी आहेत, तिन्हींचं पाणी वेगवेगळ्या रंगाचं, आणि ते रंग बदलत राहतात. आसपासच्या गावांतले लोक मानतात की माणूस मेला की त्याचा आत्मा त्या पाण्यात जातो. म्हातारे एका तळ्यात, तरुण मुलंमुली दुसऱ्या, आणि वाईट माणसं तिसऱ्या. "माझी आई रोज चर्चला जाते," फादर हसून म्हणाले, "पण माझा भाऊ कुठे आहे विचारलं तर डोंगराकडे बोट दाखवते." आमचे पॅरिशचे फादर जरासे खाकरले. माझा चहा हातातच निवला.

घरी येऊन मी डायनाला फोन केला आणि सांगितलं की मला तिथे जायचंय. ती शहाणी पोर आहे. तिने का म्हणून विचारलं नाही, कधी एवढंच विचारलं. रमाबाई मात्र सोडतात का! "अगो, तळा बघूक एवढ्या लांब? वाळकेश्वराक जा, बाणगंगा आसा. टॅक्सीन पंधरा मिनिटां!"

"तुमच्या बाणगंगेत माझा मुलगा नाही, रमाबाई," मी म्हटलं. संध्याकाळी त्या प्रवासासाठी म्हणून डबाभर चिवडा घेऊन आल्या.

कॉनरॅड म्हणाला, "मी पण येतो." मी त्याला बोलावलं नव्हतं. पण त्याचे गुडघे, त्याचं ब्लडप्रेशर. इथे एकटा ठेवला असता तर डायनाच्या डोक्याला ताप. मी म्हटलं, ये.

जुलैमध्ये गेलो, तिथे तेव्हा कोरडे दिवस. आधी बाली, मग छोट्या विमानाने एंडे नावाचं गाव, मग दोन तास घाट. माझ्या बॅगेत बाटली मसाला होता. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे कॅथलिक लोक, मे महिन्यात वर्षाचा मसाला भाजून, कुटून बियरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरतो, त्यातली एक मी टॉवेलात गुंडाळून घेतली होती. बालीच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबाने बाटली उघडून हुंगली आणि तीनदा शिंकला. कॉनरॅडला हसू आलं. मलाही आलं असतं, पण मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

एंडेहून आम्हाला न्यायला मार्सेल आला होता. पन्नाशीचा माणूस, गाडीच्या आरशाला रोझरी टांगलेली, इंग्रजी आमच्याइतकंच मोडकंतोडकं, त्यामुळे छान जमलं. त्याच्याच घरी दोन दिवस राहायचं होतं. गाव डोंगराच्या कुशीत, चारी बाजूंनी भातखाचरं, हवा अशी गार की कॉनरॅडने माकडटोपी चढवली. मधोमध दगडांनी बांधलेला गोल चौथरा आणि त्याभोवती उंच घरं, त्यांची गवताची छपरं खाली पार माणसाच्या कमरेपर्यंत उतरलेली.

आणि प्रत्येक घराच्या अंगणात कबरी.

मी आधी समजलेच नाही. मला वाटलं, बसायला ओटे बांधलेत. फरशी लावलेले, स्वच्छ. एकावर कॉफीच्या बिया वाळत घातल्या होत्या, दुसऱ्यावर एक बाई नातीची वेणी घालत बसली होती. मार्सेलच्या दारातल्या ओट्यावर मी टेकले आणि चपला काढल्या, तर तो म्हणाला, "माझे वडील."

मी दचकून उठले. तो म्हणाला, "बसा, बसा. त्यांना माणसं आवडायची."

मी परत बसले. फरशी उन्हाने कोमट झाली होती. आतून मार्सेलच्या बायकोने कॉफी आणली, माझ्याशेजारी ठेवली, आणि एक छोटा कप मुद्दाम वेगळा, ओट्याच्या उशाशी. मला त्या बाईचा फार हेवा वाटला. सकाळी दार उघडलं की सासरा समोर. त्याला ओलांडून पाणी आणायचं, त्याच्यावर पापड वाळवायचे, कंटाळा आला तर त्याच्यावरच बसून त्याला नावं ठेवायची. आणि मी माझ्या मुलासाठी विमानं बदलत इथवर आले होते.

कॉनरॅड अंगणाच्या कडेला उभा होता. तो कुठल्याच ओट्यावर बसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मार्सेलच्या बायकोच्या चुलीवर कोंबडीची खुडी केली, आमच्याकडचा तिखट रस्सा. कॅल्विनला ती इतकी आवडायची की वाडग्याला बोटं लावून पुसायचा. बाटली मसाल्याचा वास सुटला तशी शेजारपाजारची चार डोकी दारात आली. खुडी आणि भात डब्यात भरला. मेलेल्यांसाठी अन्न दगडावर ठेवायची त्यांच्याकडे रीत आहे, तसं मार्सेलने सांगितलं होतं. लोक पहाटे सूर्योदयाला डोंगरावर जातात, पण कॉनरॅडच्या गुडघ्यांमुळे आम्ही दहा वाजता निघालो. वर पोचेपर्यंत गर्दी उतरून गेली होती. शेवटच्या पायऱ्या मी मोजल्या नाहीत. दर वीस पायऱ्यांवर कॉनरॅड थांबायचा आणि मी पुढे जाऊन वाट बघायचे.

वर कठडा होता. कठड्यापलीकडे सरळ तुटलेला कडा, आणि कड्याखाली तळं.

खरं सांगते, मला काहीच वाटलं नाही. पाणी होतं, दुधात नीळ टाकावी तसं निळं, पापणी लवत नाही इतकं स्थिर. वास गंधकाचा. मी आठ महिने या क्षणाची तालीम केली होती. काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. आणि आता मी तिथे डबा धरून उभी होते आणि त्यातलं एक वाक्य आठवत नव्हतं.

"हे तरुणांचं," मार्सेल हळू आवाजात म्हणाला. "तुमचा मुलगा इथे."

मी कठडा घट्ट धरला. "कॅल्विन," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कॉनरॅडच्या देखत. "कॅल्विन, मी आलेय रे." मग मला एकदम एक प्रश्न पडला. "आणि आम्ही?" मी मार्सेलला विचारलं. "आम्ही मेलो की कुठे?"

तो आधी संकोचला. मग त्याने हात लांब करून पश्चिमेकडे दाखवलं. तिथे डोंगराच्या पाठीआड आणखी एक तळं होतं, काळपट. "म्हातारे तिकडे."

"मध्ये काय आहे?"

"डोंगर."

"इकडून तिकडे जाता येतं?"

चांगला माणूस, त्याला खोटं बोलवेना. "हे मला कधी कुणी विचारलं नाही, मॅडम. माझ्या आजीने सांगितलं तेवढंच मला माहीत. सगळे आपापल्या पाण्यात राहतात."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतोच. "म्हणजे त्याची आई मेली तरी तो इथे एकटा?"

"एकटा नाही. बाकीचे तरुण आहेत."

"त्याला नवीन मुलांशी बोलता येत नाही!" मी ओरडलेच. "तो लाजाळू आहे. शाळेत डबा सांडला तर दुसऱ्याकडून मागून घ्यायचा नाही, उपाशी घरी यायचा. त्याला उकडलेलं अंडं सोलता येत नाही, चोवीस वर्षांचा झाला तरी मी सोलून द्यायचे. आणि तुम्ही म्हणता मधे डोंगर?"

मार्सेल मान खाली घालून उभा राहिला. बिचाऱ्याचा काय दोष? डोंगर काही त्याने उभा केला नव्हता.

तेवढ्यात मागून आवाज आला. कॉनरॅड पायरीवर बसला होता, टोपी हातात. त्याने इंग्रजीत मार्सेलला विचारलं, "माझी आई ऐंशीची होऊन गेली. ती कुठे असती?"

"तिकडे," मार्सेल म्हणाला. "पलीकडे."

कॉनरॅडने मान हलवली. मग तो माझ्याकडे न बघता, मराठीत म्हणाला, "आपल्या विहिरीत माझी आई आहे, नॉर्मा."

मी त्याच्याकडे वळले.

"पप्पा पण. आणि तुझे डॅडी."

माझे डॅडी. मी एकोणीस वर्षांची असताना ते गेले. त्यांची कबर कधी उघडली, हाडं कुणी काढली, मी कधी विचारलंसुद्धा नव्हतं. त्या काळी आमच्यात निश कोण घेत होतं? सगळे विहिरीतच जायचे आणि कुणाला त्यात काही वाईट वाटत नव्हतं. माझ्या आईने त्यासाठी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. ती त्या विहिरीपाशी उभी राहून डॅडींना घरच्या तक्रारी सांगायची. मी तिच्या पदराला धरून नव्हे, चांगली ऑफिसला जाणारी मुलगी, शेजारी उभी राहून घड्याळ बघायचे.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी त्या विहिरीत एकट्या कॅल्विनला बघत होते.

"आईकडेच असेल तो," कॉनरॅड म्हणाला. "तिच्याच कुशीत झोपायचा ना."

"हे तुला तेव्हा सुचलं होतं?" मी विचारलं. "गेटवर उभा होतास तेव्हा?"

तो हो म्हणाला असता तर मी कदाचित त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. पण तो म्हणाला, "नाही. तेव्हा मी घाबरलो होतो. पळालो मी, नॉर्मा. हे कितीतरी वर्षांनी सुचलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू त्याचं नाव घेऊ देत होतीस?"

मग मी रडले. अकरा वर्षांत रडले नव्हते असं नाही, पण एकटीच, न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. त्या दिवशी मी नवऱ्याच्या शेजारी पायरीवर बसून, त्याच्या खांद्याला नाक पुसत रडले. तोही रडला. मार्सेल जरा लांब जाऊन पाठ करून उभा राहिला.

शेवटी मी उठले. डब्यातला एक घास भात आणि कोंबडीचा तुकडा दगडावर ठेवला. तिथल्या मुलांसाठी, म्हटलं. कुणाची तरी असतीलच ना ती. उरलेलं आम्ही तिघांनी पायरीवर बसून खाल्लं. मार्सेलने बोटं चाटली आणि डोळ्यांतलं पाणी पुसत सांगितलं की इतकं तिखट त्याने जन्मात खाल्लं नव्हतं.

निघताना मी बाटलीतला उरलेला मसाला त्याच्या बायकोला दिला. तिने त्यातला चिमूटभर सासऱ्याच्या ओट्यावर ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. मला भाषा कळली नाही, पण सूर ओळखीचा होता, सासऱ्याला काहीतरी सुनावत होती.

मुंबईत परत आल्यावर रमाबाईंनी विचारलं, "गावला काय गो?" मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "काखेत कळसा नि गावाक वळसा!" मग जरा थांबून म्हणाल्या, "पण वळसो घातल्याशिवाय कळसो दिसता थोडोच."

या वर्षीच्या दोन नोव्हेंबरला आम्ही दोघे आणि डायना सिमेट्रीत गेलो. गेटपाशी पोचल्यावर कॉनरॅड सवयीने फुलवालीकडे वळला. तिने स्टूल पुढे केलंही.

"चल," मी म्हटलं.

"नॉर्मा, मला..."

"मी पण घाबरते. चल."

मी त्याचा हात धरला. आम्ही मोठ्या क्रॉसवरून पुढे गेलो, निशांच्या भिंतीवरून पुढे गेलो, पार मागच्या कोपऱ्यापर्यंत. विहीर मला आठवत होती त्यापेक्षा लहान होती. कठड्यावर शेवाळ, वर लोखंडी झाकण, झाकणाच्या कडेने कुणाकुणाच्या मेणबत्त्यांचं मेण थिजलेलं. आम्ही समजत होतो तितकी ती ओसाड नव्हती. कॉनरॅडने कठड्यावर हात ठेवला आणि तो ठेवूनच उभा राहिला. मी फुलं ठेवली. मग मी बोलायला लागले. कॅल्विनशी, सासूबाईंशी, डॅडींशी. डॅडींची मी माफीही मागितली. सासूबाईंना सांगितलं की त्याला अंडं सोलून द्या, नाहीतर तो खाणार नाही. डायना मध्येच हसली आणि मध्येच डोळे पुसत होती.

घरी आल्यावर मी डायनाकडून ती जुनी चिठ्ठी मागून घेतली. जेवणाच्या टेबलावर ठेवून "निशमध्ये" खोडलं, त्याच्या वर "विहिरीत" लिहिलं, आणि खालची "विहिरीत टाकायची नाहीत" ही ओळ पूर्ण काट मारून टाकली. आजची तारीख घातली. सही केली.

डायनाने वाचलं. "ममा, नक्की? मग तुझं नाव कुठेच राहणार नाही."

"नाव नको," मी म्हटलं. "त्याने हाक मारली तर मला ऐकू यायला हवी."

कॉनरॅड समोर बसला होता. त्याने हात पुढे करून माझ्याकडून पेन घेतलं, आणि चष्मा न लावता, माझ्या सहीच्या खाली आपली सही केली.